ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा हक्क आणि गोव्यात काढलेले दिवस : मोजणी, पुरावे आणि सापळे

पोर्तुगीज पासपोर्टवर किंवा कामाच्या व्हिसावर ब्रिटनला गेलेल्या गोमंतकीयांना पाच वर्षांच्या आसपास एक प्रश्न हमखास पडतो : मध्यंतरी आपण गोव्यात जे महिने काढले, त्यांमुळे कायम वास्तव्याचा हक्क हुकणार तर नाही ना? स्विंडन, साउथॉल किंवा हाउन्सलो येथे चार ओळखीच्या माणसांना विचारले, तर चार उत्तरे मिळतात. कोणी सहा महिने सांगतो, कोणी १८० दिवस, कोणी अडीच वर्षे, तर कोणी पाच वर्षे. यांतील प्रत्येक आकडा नियमांत खरोखरच आहे; मात्र तो ज्याला लागू होतो तो माणूस वेगळा असतो, किंवा ज्या कामासाठी लागू होतो ते काम वेगळे असते. गोंधळ होतो तो इथेच.

मी स्वतः प्री-सेटल्ड (तात्पुरत्या) दर्जापासून सेटल्ड (कायम वास्तव्याच्या) दर्जापर्यंतची वाट चाललो आहे आणि त्यानंतर आमच्या फोंडा भागातील अनेक कुटुंबांना त्यांच्या तारखा कागदावर मांडून दिल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, गैरहजेरीचा हिशेब अर्जाच्या वेळी करायचा नसतो. तो गोव्याचे तिकीट काढण्यापूर्वी करायचा असतो. पुढील क्रम त्या दृष्टीने मांडला आहे.

१. आपला मार्ग कोणता, हे सर्वप्रथम निश्चित करा

गोमंतकीयांमध्ये दोन मार्ग सर्वाधिक आढळतात.

पहिला मार्ग ईयू सेटलमेंट स्कीमचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि त्या पासपोर्टवर हजारो लोक ब्रिटनला गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार असल्याने, ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तेथे राहायला आलेल्यांसाठी ही योजना आखण्यात आली आणि अर्जाची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ही होती. ज्यांचे सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाले होते त्यांना सेटल्ड दर्जा मिळाला; ज्यांचे झाले नव्हते त्यांना प्री-सेटल्ड. त्यानंतर ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्याला केवळ पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून हा मार्ग खुला नाही; पात्र नातेवाइकाकडे राहायला जाणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांसाठीच तो काही अटींवर खुला आहे.

दुसरा मार्ग कामाच्या व्हिसाचा, म्हणजे स्किल्ड वर्कर आणि त्यातीलच हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा. आपल्याकडील परिचारिका, आचारी आणि संगणक क्षेत्रातील मुले बहुधा या मार्गाने गेलेली आहेत. येथे पाच वर्षांनंतर इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन (मुदतीचे बंधन नसलेली वास्तव्याची परवानगी), म्हणजेच आयएलआर, मागता येते.

ब्रिटिश नागरिकाची पत्नी किंवा पती म्हणून गेलेल्यांचा मार्ग याहून निराळा आहे. त्यात दिवसांची ठरावीक मर्यादा नसली, तरी दोघांचे कायमचे घर ब्रिटनमध्ये आहे हे दाखवावे लागते. त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

आपला दर्जा कोणता, हे आठवणीवर सोडू नये. प्लास्टिकची जुनी निवास-कार्डे आता चालत नाहीत. यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात प्रवेश केल्यावर ई-व्हिसावर दर्जाचे नाव आणि मुदत दिसते. ते पान उतरवून ठेवा. हा दर्जा व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. पती सेटल्ड, पत्नी प्री-सेटल्ड आणि दीर कामाच्या व्हिसावर, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या तिघांनी एकाच विमानाने येऊन एकाच विमानाने परत जायचे ठरवले, तरी त्या प्रवासाचा परिणाम तिघांवर तीन प्रकारे होतो.

२. हाताशी काय काय लागेल

तक्ता मांडायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी गोळा कराव्यात.

– सध्याचा पासपोर्ट आणि गेल्या पाच-सहा वर्षांतील रद्द झालेले जुने पासपोर्ट. नवा पासपोर्ट आला की जुना टाकून देणारे लोक असतात. तसे कधीही करू नये.
– विमान कंपन्यांचे ई-मेल, तिकिटे आणि जपून ठेवलेले बोर्डिंग पास.
– पी-६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कपात झालेल्या कराचा दाखला) आणि पगाराच्या पावत्या.
– कौन्सिल टॅक्सची (स्थानिक घरपट्टीची) बिले, भाडेकरार, वीज-पाण्याची बिले.
– ब्रिटिश बँकेची विवरणपत्रे.
– नॅशनल इन्शुरन्स क्रमांक.
– जहाजावर काम केले असेल तर सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक), कारण त्यात जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात.
– लांबलेल्या प्रत्येक फेरीचे कारण सांगणारा कागद.

३. तारखांचा तक्ता मांडा

तक्त्याला पाच रकाने पुरतात : ब्रिटन सोडल्याची तारीख, ब्रिटनमध्ये परत पोहोचल्याची तारीख, मधले पूर्ण दिवस, कारण आणि त्या तारखांचा पुरावा कोठे आहे त्याची नोंद.

पहिल्या दोन रकान्यांत तारखा ब्रिटनच्या घ्यायच्या, गोव्याच्या नव्हेत. रात्री लंडनहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दोहा, दुबई किंवा मुंबईमार्गे मोपा किंवा दाबोळीला उतरतो आणि त्याच्या पासपोर्टवर भारतीय शिक्का दुसऱ्या दिवसाचा, कधी तिसऱ्या दिवसाचा पडतो. वाटेत मुंबईला नातेवाइकांकडे राहून मग गोव्याला आलेल्यांच्या बाबतीत तर गोव्याचा शिक्काच नसतो, कारण इमिग्रेशन मुंबईत झालेले असते.

दुसरी अडचण अशी की, ब्रिटन देशाबाहेर जाताना शिक्का मारत नाही आणि पोर्तुगीज पासपोर्टधारक परत येताना ई-गेटमधून जात असल्याने त्यांच्या पासपोर्टवर प्रवेशाचाही शिक्का नसतो. त्यामुळे भारतीय शिक्के हाच बहुतेकांचा मुख्य आधार ठरतो आणि त्यावरून ब्रिटनच्या तारखा तिकिटांच्या साहाय्याने काढाव्या लागतात. तरीही काही फेऱ्या जुळत नसतील, तर होम ऑफिसकडे (ब्रिटनच्या गृहखात्याकडे) आपल्याविषयीची साठवलेली माहिती मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, त्याला शुल्क नाही आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर येते. त्या विनंतीत प्रवासाच्या नोंदी हव्या आहेत हे स्पष्ट लिहावे.

एक गोष्ट पोर्तुगीज पासपोर्टधारकांच्या ध्यानात राहत नाही. कागदपत्रांच्या कामासाठी लिस्बनला घालवलेले आठवडे, फातिमाची यात्रा, स्पेनमधील सुट्टी हे सगळे दिवस ब्रिटनच्या दृष्टीने गैरहजेरीचेच आहेत. आपण पोर्तुगालचे नागरिक असलो, तरी येथे मोजली जाते ती ब्रिटनमधील उपस्थिती.

४. प्री-सेटल्ड दर्जा असेल तर : दोन कसोट्या, कोणतीही एक पुरेशी

जुनी कसोटी सलग पाच वर्षांची आहे. या पाच वर्षांतील कोणत्याही १२ महिन्यांत एकूण सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर असता कामा नये. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा १२ महिन्यांपर्यंतची गैरहजेरी माफ होऊ शकते; बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण, व्यवसाय-प्रशिक्षण आणि परदेशातील नेमणूक ही अशा कारणांची नियमांतील उदाहरणे आहेत. या कसोटीत अनेक गोमंतकीय अडकले, कारण आईच्या आजारपणात दहा महिने गोव्यात राहिलेल्या माणसाकडे कागद नसला की त्याची साखळी तुटे, आणि २०२० संपल्यानंतर तुटलेली साखळी नव्याने सुरू करण्याची सोय नव्हती.

१६ जुलै २०२५ पासून दुसरी, पुष्कळच सोपी कसोटी उपलब्ध झाली. ज्याच्याकडे प्री-सेटल्ड दर्जा आहे त्याने अर्जाच्या दिवसापासून मागे मोजलेल्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये वास्तव्य केलेले असेल, तर तो सेटल्ड दर्जाला पात्र ठरतो. ते ३० महिने सलग असण्याची गरज नाही. उदाहरण घेऊ. एका व्यक्तीने मार्च २०२२ ते ऑगस्ट २०२३ हे १८ महिने गोव्यात काढले आणि बाकी सर्व काळ ती स्विंडनमध्ये होती. जुन्या कसोटीनुसार तिची साखळी तुटली. मात्र तिने १ मार्च २०२६ रोजी अर्ज केला असे धरले, तर मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२६ या ६० महिन्यांतील ४२ महिने ती ब्रिटनमध्ये होती आणि नव्या कसोटीत ती सहज बसते. २०२५ पूर्वी ज्यांना कोणी “तुमचे काही होणार नाही” असे सांगितले असेल, त्यांनी आपला तक्ता पुन्हा एकदा अवश्य तपासून पाहावा. जाणकार समजल्या जाणाऱ्या लोकांकडूनही अजून जुनाच सल्ला दिला जातो आणि माणसे हातातला हक्क सोडून गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

जुनी कसोटी मात्र निकामी झालेली नाही. सलग पाच वर्षांचा तो काळ अगदी अलीकडचाच असला पाहिजे असे नाही. समजा, कोणी २०१५ ते २०२० अशी पाच वर्षे नियमात राहून काढली, अर्ज करताना पुरावे नीट न जोडल्यामुळे त्याला प्री-सेटल्ड दर्जा मिळाला आणि पुढे तो बहुतांश काळ गोव्यात राहिला. त्या पाच वर्षांनंतर सलग पाच वर्षांहून अधिक गैरहजेरी झालेली नसेल, तर जुन्या काळाच्या पुराव्यांवर त्याला आजही सेटल्ड दर्जा मागता येतो.

आता या विभागातील सर्वांत धोकादायक गैरसमज पाहू. मूळ नियम असा : प्री-सेटल्ड दर्जा सलग पाच वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यावर रद्द होतो. मे २०२४ पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. शिवाय मुदत संपत आलेल्या प्री-सेटल्ड दर्जाला होम ऑफिस आपणहून मुदतवाढ देत आले आहे. या दोन गोष्टी एकत्र ऐकून काही जण असे समजतात की, चार वर्षे गोव्यात निवांत राहून परतले तरी सर्व काही जागच्या जागी असेल. दर्जा रद्द न होणे आणि वरच्या दर्जाला पात्र असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. चार वर्षे बाहेर राहून परतलेल्या माणसाचा दर्जा कागदोपत्री कदाचित शाबूत असेल. परंतु मागील ६० महिन्यांत त्याचे ३० महिने भरत नाहीत आणि ते भरेपर्यंत त्याला पुढे सरकता येत नाही.

५. कामाचा व्हिसा असेल तर : फिरत्या १२ महिन्यांतील १८० दिवस

येथे अडीच वर्षांची सवलत नाही. पाच वर्षांच्या काळातील कोणत्याही १२ महिन्यांत १८० पेक्षा अधिक दिवस बाहेर राहता येत नाही. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस धरत नाहीत, फक्त पूर्ण दिवस मोजतात. “कोणत्याही १२ महिन्यांत” याचा अर्थ जानेवारी ते डिसेंबर असा नाही आणि व्हिसाच्या तारखेपासूनचे वर्ष असाही नाही. बारा महिन्यांच्या लांबीची एक पट्टी पाच वर्षांच्या दिनदर्शिकेवर एकेक दिवस पुढे सरकवीत न्यावी, तशी ही मोजणी आहे. ती पट्टी जेथे ठेवाल तेथे आतले दिवस १८० किंवा त्याहून कमी भरले पाहिजेत.

एक हिशेब करून पाहू. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी एक परिचारिका ३० सप्टेंबर २०२३ रोजी ब्रिटनहून निघाली आणि १ जानेवारी २०२४ रोजी परतली. मधले पूर्ण दिवस ९२. पुढे ३१ मार्च २०२४ रोजी ती बहिणीच्या लग्नासाठी निघाली आणि १ जुलै २०२४ रोजी परतली. पूर्ण दिवस ९१. दिनदर्शिकेच्या वर्षांप्रमाणे पाहिले, तर २०२३ मध्ये ९२ आणि २०२४ मध्ये ९१, म्हणजे काळजीचे काही कारण दिसत नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ या बारा महिन्यांत पट्टी ठेवली की १८३ दिवस भरतात आणि मर्यादा तीन दिवसांनी ओलांडली जाते. दुसरी फेरी आठवडाभर आधी आटोपली असती, तर अडचण आली नसती.

गोव्याच्या माणसाने येथे चवथीचा (गणेश चतुर्थीचा) विचार वेगळा करायला हवा. चवथ तिथीप्रमाणे येते, इंग्रजी तारखेप्रमाणे नव्हे. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे अधिक मास नसलेल्या वर्षी एका चवथीपासून पुढच्या चवथीपर्यंत बारा महिने भरतच नाहीत आणि दोन्ही चवथी एकाच पट्टीत येऊ शकतात. “मी वर्षातून एकदाच चवथीला येतो” असे म्हणणाऱ्याच्याही दोन फेऱ्यांचे दिवस अशा वेळी एकत्र होतात. तीन आठवड्यांच्या रजेला याने काही फरक पडत नाही. परंतु चवथीला येऊन दिवाळी, तुळशीचे लग्न आणि गावची जत्रा करूनच परतणाऱ्यांनी तक्ता समोर ठेवूनच तिकीट काढावे.

१८० दिवसांच्या आत राहिले म्हणजे झाले, असेही नाही. कामाच्या व्हिसावरील माणूस एका दिनदर्शिका-वर्षात एकूण चार आठवड्यांहून अधिक बिनपगारी रजेवर राहिला, तर नोकरी देणाऱ्याला त्याचे प्रायोजकत्व थांबवावे लागते. बाळंतपण, आजारपण यांसारखे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे तीन महिन्यांची रजा मालकाने तोंडी मंजूर केली म्हणून निघणे धोक्याचे आहे. त्यातील किती दिवस पगारी आणि किती बिनपगारी, हे लेखी घ्या.

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून कामाच्या मार्गाने येणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा काळ सर्वसाधारणपणे दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून या मार्गावरील प्रत्येकाने आपल्या अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे सरकारी संकेतस्थळावर पाहूनच पाऊल उचलावे. ईयू सेटलमेंट स्कीमखालील दर्जा ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील करारावर आधारलेला असल्याने त्यावर या प्रस्तावाचा परिणाम नाही.

६. लांबलेल्या फेरीचे कारण : काय चालते, काय चालत नाही

जवळच्या नातेवाइकाचा जीवघेणा आजार किंवा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, युद्ध किंवा साथरोग यांमुळे ठप्प झालेला प्रवास, अशा कारणांनी १८० दिवसांची मर्यादा ओलांडली गेली असेल, तर कामाच्या मार्गावर ती गैरहजेरी विचारात न घेण्याची तरतूद आहे. मात्र कारण खरे असणे पुरेसे नाही. ते त्या तारखांना जोडलेले दिसले पाहिजे. बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून) मिळालेल्या डिस्चार्जच्या कागदावर दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख असते. त्यानंतर घरी चाललेल्या शुश्रूषेसाठी डॉक्टरांकडून वेगळे पत्र घ्यावे आणि त्यात रुग्णाची अवस्था, सोबत माणूस असण्याची गरज आणि तो काळ स्पष्ट लिहून घ्यावा. ही पत्रे त्याच वेळी घ्यायची असतात. तीन वर्षांनी मागायला गेले की डॉक्टर बदललेले असतात आणि नोंदी सापडत नाहीत. रुग्ण आपला कोण लागतो, हे दाखवणारा जन्माचा दाखलाही जोडावा. तो जुना, पोर्तुगीज भाषेतील असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

लग्न, मुंज, घराची दुरुस्ती, जत्रा ही कारणे येथे चालत नाहीत. मालमत्तेची कामेही सहसा नाहीत, आणि गोव्यात नेमका त्यांतच वेळ जातो. वडील वारले की इन्व्हेंटरीची (वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन) प्रक्रिया सुरू होते, भावंडे चार देशांत विखुरलेली असतात आणि तारखांवर तारखा पडतात. “प्रकरण चालू आहे तोवर इथेच राहतो” हा निर्णय पुष्कळांना महागात पडला आहे. त्याऐवजी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावे. ते ब्रिटनमधूनही भारतीय उच्चायुक्तालयामार्फत किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालावे म्हणून सरकारी प्रमाणन) करून पाठवता येते. त्यात कोणते अधिकार लिहायचे, हे गोव्यातील आपल्या वकिलाकडून आधी विचारून घ्यावे आणि ज्या तारखेला प्रत्यक्ष हजेरी अटळ आहे, तेवढ्यापुरते यावे.

तारवटी बांधवांसाठी एक स्वतंत्र सूचना. जहाजावरील नोकरीत ब्रिटनबाहेर गेलेले महिने, घर हाउन्सलोला आहे आणि पगार ब्रिटिश बँकेत जमा होतो म्हणून, उपस्थितीत धरले जात नाहीत. ईयू सेटलमेंट स्कीममध्ये ब्रिटनच्या सागरी क्षेत्रात केलेल्या कामाचा अपवाद आहे. क्रूझ जहाजावर जगभर फिरणाऱ्याला तो उपयोगी पडत नाही. अशांनी दोन करारांच्या मधला काळ गोव्यात घालवायचा की ब्रिटनमध्ये, हे ३० महिन्यांचे गणित मांडूनच ठरवावे.

७. उपस्थितीचा पुरावा जमवा

नोकरी करणाऱ्यांचे काम सोपे आहे. प्री-सेटल्ड दर्जाच्या अर्जात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक दिला की होम ऑफिस करखात्याच्या आणि भत्त्यांच्या नोंदी आपणहून तपासते आणि जेवढे महिने त्यात दिसतात तेवढ्यांसाठी वेगळा कागद मागत नाही.

खरी अडचण येते ती घरातील ज्येष्ठांना आणि गृहिणींना. नातवंडे सांभाळण्यासाठी सासष्टीतून किंवा डिचोलीतून गेलेली आजी पाच वर्षे स्विंडनच्या घरात असते; पण भाडेकरार मुलाच्या नावावर, वीजबिल सुनेच्या नावावर आणि आजीच्या नावाचा एकही कागद नाही. ती तेथे होती हे सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक असते. तरीही नातेवाईक आणि मित्रांची पत्रे, छायाचित्रे आणि शुभेच्छापत्रे पुरावा म्हणून स्वीकारली जात नाहीत. म्हणून अशा व्यक्तींची नावे आजपासूनच कागदावर आणावीत. जीपीकडे (स्थानिक सरकारी फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी करावी आणि तपासणीच्या पत्रांची फाइल ठेवावी. शक्य असेल तर कौन्सिल टॅक्सच्या बिलावर नाव घालावे. स्वतंत्र बँक खाते उघडून त्यात दर महिन्याला थोडी रक्कम यावी आणि तेथल्याच दुकानांत खर्च व्हावी. कारण बँकेचे विवरणपत्र ब्रिटनमधील व्यवहार दाखवीत असेल तरच उपयोगाचे असते. आजी गोव्यात असताना तिचे कार्ड मुलाने वापरणे मात्र सर्वस्वी टाळावे. प्रवासाच्या नोंदी आणि खर्चाच्या नोंदी एकमेकींना खोट्या पाडू लागल्या की खऱ्या महिन्यांवरही संशय येतो.

ब्रिटनमध्ये प्रवेश केल्याचे वापरलेले तिकीट हाही त्या महिन्याचा पुरावा धरला जातो. एकाच महिन्याचे दहा कागद जोडण्यापेक्षा प्रत्येक महिन्यासाठी एक भक्कम कागद शोधावा.

८. अर्ज कधी करावा

प्री-सेटल्ड दर्जाची मुदत संपण्याची वाट पाहू नये. कसोटी पूर्ण झाली त्याच आठवड्यात अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. नाकारला गेला तरी प्री-सेटल्ड दर्जा हाताशी असेपर्यंत पुन्हा अर्ज करता येतो. जानेवारी २०२५ पासून होम ऑफिस काही पात्र लोकांचा दर्जा नोंदी पाहून आपणहून बदलत आहे. परंतु ज्यांची नोंद करखात्यात नाही त्यांनी त्यावर विसंबू नये. ६० महिन्यांची चौकट अर्जाच्या तारखेबरोबर पुढे सरकते, हे लक्षात ठेवावे. जुनी गैरहजेरी चौकटीबाहेर पडते तशी जुनी उपस्थितीही पडते. म्हणून आज ३० महिने भरत असताना “चवथ करून येतो, मग बघू” असे म्हणून सहा महिने गोव्यात काढणारा कदाचित परतेपर्यंत पात्रता गमावून बसतो.

कामाच्या मार्गावर पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी २८ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. येथे शुल्क मोठे आहे आणि अर्ज नाकारल्यास ते परत मिळत नाही. त्यामुळे मर्यादा ओलांडलेली असेल, तर सल्लागाराला दाखवूनच पुढे जावे. ब्रिटनमध्ये असा सल्ला देणाऱ्या व्यक्तीची इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असावी लागते किंवा ती पात्र वकील असावी लागते. ही यादी सर्वांना पाहता येते. विनाशुल्क अर्जासाठी मोठी रक्कम मागणाऱ्या, आणि “तारखा मी जुळवतो” असे म्हणणाऱ्या एजंटाच्या दारातूनच परतावे. खोटी तारीख दिल्याचे उघड झाले, तर पुढचे सर्व अर्ज अडचणीत येतात.

लांब मुक्कामासाठी गोव्यात येताना ब्रिटिश सिम चालू राहील अशी व्यवस्था करा. यूकेव्हीआय खात्याचे संकेत-क्रमांक आणि होम ऑफिसची पत्रे नोंदवलेल्या फोनवर आणि ई-मेलवरच येतात. पासपोर्ट नवा केला असेल, तर त्याचा क्रमांक खात्यात आधी जोडा, नाहीतर विमान कंपनी परतीच्या वेळी ब्रिटनला जाण्याचा हक्क पडताळू शकत नाही आणि विमानतळावर खोळंबा होतो.

९. दर्जा मिळाल्यावरही तक्ता बंद करू नका

सेटल्ड दर्जा सलग पाच वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास जातो. आयएलआर मात्र सलग दोन वर्षांहून अधिक गैरहजेरीने जाते.

ज्यांना पुढे ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हिशेब पुन्हा बदलतो आणि तो अधिक कडक होतो. सर्वसाधारण अर्जदाराने अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत ४५० पेक्षा अधिक आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० पेक्षा अधिक दिवस बाहेर असता कामा नये. ब्रिटिश नागरिकाच्या पती किंवा पत्नीसाठी तीन वर्षांत २७० आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस ही मर्यादा आहे. तीस महिन्यांच्या कसोटीवर सेटल्ड झालेल्या माणसाचे बाहेरचे दिवस या मर्यादेच्या दुप्पट असू शकतात, आणि वर्षभराने नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसल्यावर हे प्रथमच कळते तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी थांबणेच शहाणपणाचे असते. याखेरीज होम ऑफिसला अर्ज मिळेल त्या दिवसाच्या बरोबर पाच वर्षांपूर्वी, त्या विशिष्ट तारखेला, अर्जदार प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असावा लागतो. पती किंवा पत्नीच्या बाबतीत तीन वर्षांपूर्वी. ती तारीख चवथीच्या रजेत पडत असेल, तर अर्ज काही आठवडे पुढे ढकलून आपण ब्रिटनमध्ये होतो अशी तारीख निवडता येते. त्यासाठी तक्त्याचे पहिले दोन रकानेच उपयोगी पडतात.